लाट अंगावर, गर्दी गल्लीभर: कॅमेरा कुठं उभा होता ते आधी विचारा

शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो, गणपती विसर्जन असो नाहीतर 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मराठी लोक निषेध म्हणून काढतात ती काळ्या दिनाची फेरी असो, दुसऱ्या दिवशी बेळगावात एक भांडण ठरलेलं असतंय. एका व्हिडिओत रामदेव गल्लीत मुंगी शिरायला जागा नाही, दुसऱ्यात त्याच गल्लीत माणसं पोरांना खांद्यावर घेऊन निवांत चाललीत, मधे सायकल जाईल एवढा रस्ता मोकळा. मग एकजण म्हणतो जनसागर, दुसरा म्हणतो कसला जनसागर, चारशे डोकी नव्हती, तिसरा म्हणतो सगळं एडिट केलंय, आणि कुणीतरी कन्नड चॅनेल मराठी चॅनेल असा विषय काढला की मूळ प्रश्न गेला बाराच्या भावात. खरं गंमत अशी की दोन्ही व्हिडिओ खरे असू शकतात, एकाच मिनिटाला घेतलेले असू शकतात, आणि एकातही कुणी काही जोडलेलं किंवा पुसलेलं नसू शकतं.

हे नेमकं कसं होतं ते समजून घ्यायला मी मुद्दाम लांबचं उदाहरण घेणार आहे, हेलिकॉप्टरमधून शूट केलेले खेळ. समुद्रातल्या डोंगराएवढ्या लाटेवरचं सर्फिंग, फ्रान्समधली सायकल रेस, बर्फावरचं स्कीइंग. तिथं आपला पक्ष नाही, आपली भाषा नाही, त्यामुळे डोकं शांत ठेवून बघता येतं.

दोन तांबे आणि एक फोन

आधी घरातच करून बघा. कट्ट्यावर दोन सारखे तांबे ठेवा, एकामागं एक पण जरा तिरपे, मधे एक मीटर अंतर. फोन पुढच्या तांब्यापासून एक मीटरवर धरा. पुढचा एक मीटरवर, मागचा दोन मीटरवर, म्हणजे फोटोत मागचा निम्मा दिसणार. आता पुढचा तांब्या दहा मीटरवर राहील एवढं मागं सरका, अंगणाच्या पार टोकाला, आणि झूम करून पुढचा तांब्या मघाशी होता तेवढाच मोठा करा. आता पुढचा आहे दहा मीटरवर आणि मागचा अकरा मीटरवर, मागचा पुढच्याच्या नव्वद टक्के दिसतो. म्हणजे जवळजवळ सारखाच. बघणाऱ्याला वाटतं दोन्ही तांबे चिकटून ठेवलेत. कट्ट्यावरची कुठलीच वस्तू हललेली नाही, फक्त तुम्ही मागं गेलात.

जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसायचं हे जे प्रमाण असतं त्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, आणि लांबून झूम केल्यावर मधलं अंतर दाबल्यासारखं दिसतं त्याला फोटोग्राफर लोक कॉम्प्रेशन म्हणतात. दोनच शब्द, पुढं फार लागणार नाहीत.

आता बरेच लोक म्हणतात हे लेन्समुळे होतं. नाही. दहा मीटरवरूनच झूम न करता साधा फोटो काढा आणि नंतर गॅलरीत जाऊन तो कापून मोठा करा, दोन तांब्यांचं प्रमाण अगदी तेच येणार, फक्त फोटो जरा फुटेल. लेन्स काम करते कापायचं, प्रमाण ठरतं ते तुम्ही कुठं उभे आहात त्यावर. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

हेलिकॉप्टर एवढं लांब का थांबतं

आपल्याला वाटतं हेलिकॉप्टर आहे म्हणजे खेळाडूच्या डोक्यावरच असणार. तसं करता येत नाही. पंख्याचा वारा खाली एवढ्या जोरात येतो की सर्फर पाण्यात जाईल, सायकलवाला आडवा होईल, बर्फ उडून स्कीवाल्याला समोरचं काही दिसणार नाही. शिवाय आवाज, शिवाय तारा, शिवाय अपघाताची भीती. म्हणून ते बरंच लांब आणि उंच राहतं आणि मोठ्या झूमनं शूट करतं. मोठ्या झूमला हात जरा हलला तरी चित्र केवढं हलतं हे लग्नात शूटिंग केलेल्या कुणालाही विचारा, आणि इथं तर अख्खं हेलिकॉप्टर थरथरत असतं. त्यामुळे कॅमेरा नाकाखाली एका गोळ्यात बसवतात, आत जायरोस्कोप, म्हणजे हालचाल ओळखणारं यंत्र, आणि मोटरी असतात, हेलिकॉप्टर जिकडं हलेल त्याच्या उलट दिशेला त्या कॅमेरा फिरवतात आणि चित्र स्थिर राहतं. न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनमधल्या शॉटओव्हर कंपनीचे असे गोळे सिनेमावाले आणि टीव्हीवाले भरपूर वापरतात. आत बसलेला ऑपरेटर बाहेर बघतच नाही, स्क्रीन बघून जॉयस्टिक चालवतो.

ड्रोन आले तरी हेलिकॉप्टर गेलेलं नाही, त्याचं एक कारण 22 डिसेंबर 2015 ला दिसलं. इटलीत मॅडोना दी कॅम्पीलिओला स्पर्धा चालू असताना मार्सेल हिर्शर हा ऑस्ट्रियाचा स्कीवाला उतारावरून येत होता आणि कॅमेऱ्याचा जड ड्रोन त्याच्या पाठीमागं, अगदी थोडक्या अंतरावर येऊन आदळला. काहीतरी झालं एवढंच त्याला जाणवलं, तो ड्रोन होता हे नंतर कळलं.

तर मुद्दा असा की सुरक्षित राहायचं म्हणून लांब, लांब म्हणून झूम, आणि लांबून झूम म्हणजे मघाचे तांबे. फसवायचा हेतू कुणाचाच नाही, तरी मधलं अंतर गेलं.

लाट मोठी नाही दाखवली, जवळ दाखवली

पोर्तुगालमधलं नाझारे. समुद्राच्या तळाशी तिथं एक प्रचंड खोल दरी आहे, ती जवळजवळ किनाऱ्यापर्यंत येते, त्यामुळे अटलांटिकच्या लाटा तिथं उसळून राक्षसी होतात. तिथला तो फोटो तुम्ही नक्की बघितला असणार, पुढं कड्यावर जुना किल्ला, लाल दीपगृह, त्यावर मुंग्यांसारखी माणसं, आणि बरोबर त्यांच्या मागं भिंतीसारखी लाट, आता कोसळणार आणि सगळ्यांना घेऊन जाणार.

कुणालाही घेऊन जात नाही. फोटो काढणारा किल्ल्याच्या मागं वर चढावर, भरपूर लांब उभा असतो. तो उंचावरून खाली बघतोय त्यामुळे लांबची वस्तू चौकटीत वर सरकते, आणि लांब उभा असल्यामुळे किल्ला आणि लाट यांच्या मधलं पाणी दिसेनासं होतं. इथं एक गोष्ट नीट बघा, कारण इथंच बहुतेक लोक उलटं समजतात. मागची वस्तू कितीही झूम केलं तरी पुढच्याच्या तुलनेत तिच्या खऱ्या मापापेक्षा मोठी दिसू शकत नाही. मागचा तांब्या नव्वद टक्क्यांपर्यंत आला, अजून मागं गेलात तर पंचाण्णव होईल, शंभरच्या वर कधीच जाणार नाही. म्हणजे त्या फोटोनं लाट फुगवलेली नाही. फोटोनं लाट आणून दाराशी ठेवलीय.

मग लाट खरंच केवढी होती हे ठरवतात कसं? सेबास्टियन स्टॉइटनर या जर्मन सर्फरनं 29 ऑक्टोबर 2020 ला नाझारेत घेतलेली लाट 26.21 मीटर, म्हणजे 86 फूट, असा गिनीज रेकॉर्ड आहे, आणि तो जाहीर झाला 2022 च्या मे महिन्यात. दीड वर्षाच्या वर गेलं. कारण लाटेला टेप लावता येत नाही, मोजायचं चित्रावरूनच, आणि चित्रावरून मोजायचं तर शेजारी माहीत असलेलं माप पाहिजे. ते माप म्हणजे सर्फर स्वतः, त्याच्या शरीराची मापं माहीत असतात, त्या हिशोबानं लाट किती पट ते काढायचं. वर लाटेचा पाय नेमका कुठं सुरू होतो यावर वाद होतातच. खरं किल्ल्यावरच्या माणसांवरून कुणी मोजत नाही, कारण ती माणसं लाटेच्या शेजारी नाहीत, खूप अलीकडं आहेत. मोजायची पट्टी मोजायच्या वस्तूला टेकलेली पाहिजे.

हा नियम घेऊन जरा गोकाकला या. पावसाळ्यात घटप्रभा 52 मीटरवरून, म्हणजे 170 फुटांवरून उडी मारते, लाल गढूळ पाणी, आणि रील्समध्ये पुढं छत्री घेतलेलं जोडपं आणि मागं पडद्यासारखा धबधबा. छत्रीवरून धबधबा मोजू नका, छत्री अलीकडच्या काठावर आहे. आणि उलटा प्रकार जास्त धोक्याचा. फोनमधला पॉइंट फाइव्ह, म्हणजे जास्त रुंद दाखवणारी लेन्स, लावला की चौकटीत जास्त मावतं म्हणून आपण वस्तूच्या जवळ सरकतो आणि मागचं सगळं बारीक आणि लांब गेल्यासारखं दिसतं. पोरगा स्क्रीनमध्ये बघत मागं सरकतोय, त्याला वाटतं काठ अजून दहा पावलं लांब आहे.

वरून बघितलं की चढ गायब

टूर द फ्रान्समध्ये आल्प द्यूएझ नावाचा चढ आहे, 13.8 किलोमीटर, 21 वळणं, सरासरी चढ 8.1 टक्के म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर वर. चोर्ला घाटात लोड भरलेला ट्रक कसा रडत चढतो ते आठवा आणि तिथं पोरं सायकल मारत जातात. खरं हेलिकॉप्टरच्या शॉटमध्ये तो रस्ता टेबलावर टाकलेल्या दोरीसारखा सपाट दिसतो. कारण सरळ आहे, उंची वाढते ती वरच्या दिशेनं आणि कॅमेरा बघतोय वरूनच खाली, म्हणजे जी उंची दाखवायची तीच नजरेच्या रेषेत लपली. ऑस्ट्रियात किट्झब्यूएलच्या स्ट्राइफ या स्कीइंगच्या उतारावर एका ठिकाणी 85 टक्के ढाळ आहे, तिथं कॅमेऱ्याच्या चित्रात भीती वाटत नाही आणि वर उभं राहिलेल्या माणसाचे पाय थरथरतात.

पण टीव्हीवाल्यांना हे माहीत असतं आणि ते काय करतात, चित्राच्या कोपऱ्यात आकडा टाकतात. आता चढ इतके टक्के, शिखर इतके किलोमीटर, पुढच्या आणि मागच्या घोळक्यात इतक्या सेकंदांचं अंतर. शेवटच्या सरळ रस्त्यावर समोरून झूम लावलेला कॅमेरा दाखवतो की सगळे एकमेकांच्या अंगावर आहेत, आडव्या कॅमेऱ्यावर गेलं की कळतं मधे चार सायकली मावतील, आणि निकाल तर दोन्हीवर लावत नाहीत, तो लावतात शेवटच्या रेषेच्या बरोबर सरळीत, म्हणजे रस्त्याला काटकोनात, बसवलेल्या फोटोफिनिश कॅमेऱ्यावर. आपल्याकडं गाडा ओढायच्या शर्यतीत ठरलेल्या वेळात जोडीनं गाडा किती फूट नेला ते टेप टाकून मोजतात, कुणाच्या मोबाईलमधला व्हिडिओ बघून नंबर देत नाहीत. दिला तर मैदानातच मारामारी होईल. चित्र मजेसाठी, निकाल मापावर, हे खेळातल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

बातमीत चित्र तेच असतं, तोच झूम, तोच वरचा कोन, फक्त कोपऱ्यातला आकडा गायब आणि त्याच्या जागी विशेषण. जनसागर लोटला. हाहाकार. रौद्र रूप. माझा सगळा राग त्या विशेषणावर आहे, कॅमेऱ्यावर नाही.

पुराचंच घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या, निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर पाणी आलं, पुणे बेंगळूर वाहतूक अडकली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच. अशा वेळी नेत्यांची हवाई पाहणी होते आणि हेलिकॉप्टरच्या खिडकीतून काढलेलं चित्र दिवसभर चालतं. वरून पसरट किती ते चांगलं कळतं, ते कबूल. खोली मात्र अजिबात कळत नाही, गढूळ पाणी घोट्याएवढं असो की दोन पुरुष, वरून रंग तोच. त्याहून मजेशीर म्हणजे ऊस. सोयाबीनचं किंवा भुईमुगाचं रान बुडालं की वरून समुद्र दिसतो, बघणारा हळहळतो. शेजारच्या उसात छातीएवढं पाणी आहे, पण उसाचे शेंडे वर आहेत त्यामुळे वरून हिरवंगार दिसतं, जणू काही झालंच नाही. आठ दहा दिवस पाण्यात उभा राहून त्याची मुळं कुजली, शेंड्यात गाळ बसला, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसालाच कळणार. म्हणून पंचनामा खाली उतरूनच करायला लागतो.

फोटोशॉप नाही केलं, मग फसवणूक कसली?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो चुकीचा नाही. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, डेन्मार्कमध्ये दोन फोटोग्राफरांनी एक काम केलं. बाहेर पडलेल्या लोकांचे फोटो त्यांनी एकाच जागेचे दोन प्रकारे काढले, एक लांबून झूम लावून आणि एक जवळून वाइड किंवा बाजूनं. एकात लोक खांद्याला खांदा लावून बसलेत, दुसऱ्यात तीच माणसं नीट अंतर राखून. दोन्ही फोटो खरे, पण प्रश्न होता लोक नियम पाळतात काय, आणि त्याचं उत्तर दोन फोटोंनी दोन दिलं.

बगदादमध्ये 9 एप्रिल 2003 ला फिरदौस चौकात सद्दामचा पुतळा पाडला तेव्हा टीव्हीवर झूम करून आवळलेल्या चौकटीत प्रचंड गर्दी वाटत होती, सगळा चौक मावलेल्या फोटोंत चौक बराचसा मोकळा, मधे पुतळ्याभोवती अमेरिकन सैनिक, पत्रकार आणि काही इराकी माणसं. झूम माणसं वाढवत नाही, ते त्यांच्या मधली रिकामी जागा काढून टाकतं. आणि आपण जो प्रश्न विचारत होतो तो रिकाम्या जागेचाच होता.

मुद्दाम करतात काय?

कधी कधी करतात, उगाच साळसूद होऊ नये. सभेचा फोटो काढणाऱ्याला आयोजक सांगतात, साहेब जरा गर्दी दिसेल असा घ्या, आणि विरोधी बाजूचा माणूस पाठीमागच्या रिकाम्या खुर्च्या शोधत फिरतो. मराठी कन्नड दोन्हीकडं हे चालतं, एका बाजूला शहाणं ठरवायची गरज नाही. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. पोलिसांनी बॅरिकेड लावलंय, कॅमेरामनला एकच कोपरा मिळालाय, स्टँडवर मोठं झूम बसवलंय आणि ऑफिसातून फोन येतोय की दोन मिनिटांत शॉट पाठव. तो लांबून झूमच करणार. वर डेस्कवर बसलेला माणूस बेंगळूरला नाहीतर मुंबईला, त्यानं ती गल्ली बघितलेलीच नाही, त्याला जे दिसलं त्यावर त्यानं जनसागर लिहिलं.

बघणाऱ्यानं ओळखायचं कसं

विजेचे खांब बघा. रस्त्यावर खांब साधारण सारख्या उंचीचे आणि सारख्या अंतरावर असतात. चित्रात पुढचा आणि मागचा खांब जवळजवळ एकाच उंचीचे आणि एकमेकांना खेटून दिसत असतील तर फोटो लांबून घेतलाय. दुकानांच्या पाट्या एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात तेव्हाही तेच, खडेबाजारच्या दिवाळीच्या फोटोंत हे फार होतं. माणसांची डोकी बघा, पहिल्या रांगेतलं आणि लांबचं डोकं जवळपास सारखं असेल तर मधे किती जागा आहे हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. उलट पुढचे दोघेचौघे अवाढव्य आणि मागचे एकदम बारीक असतील तर कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर होता. रस्त्याची जमीन कुठं दिसते काय ते बघा, जमीन दिसली तर अंदाज लागतो, नुसती डोकी दिसली तर नाही. आणि सावल्या बघा, सकाळी नऊचा फोटो आणि दुपारी बाराचा फोटो शेजारी लावून गर्दी मोजायचा उद्योगही चालतो.

मग किती माणसं होती?

अमेरिकेत बर्कलेला हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते, 1960 च्या दशकात खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांची आंदोलनं चालायची. चौकाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि हिशोब बसवला, विरळ गर्दीत माणशी 10 चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी चेंगराचेंगरीत अडीच. आजही गर्दी मोजायला हीच पद्धत वापरतात.

आपल्या गल्लीला लावून बघूया. समजा रस्ता 30 फूट रुंद आणि 1000 फूट लांब भरलेला, म्हणजे 30,000 चौरस फूट. विरळ असेल तर 3,000 माणसं, दाट असेल तर साडेसहा हजारांच्या आसपास, आणि श्वास घ्यायला जागा नसेल तर 12,000. आता कुणी म्हणालं एक लाख लोक होते, तर दाट गर्दीच्या हिशोबानं साडेचार लाख चौरस फूट जागा लागते, म्हणजे 30 फुटी रस्ता साडेचार किलोमीटर या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च. तेवढा भरला होता काय, एवढंच विचारायचं. यात एक अडचण आहे, मिरवणूक चालती असते, लोक येतात जातात, रात्रभरात येऊन गेलेले वेगळे आणि एका वेळी उभे असलेले वेगळे. म्हणून आकडा सांगणाऱ्यानं किती वाजताचा ते सांगायला पाहिजे.

ड्रोननं सरळ वरनं घेतलं की झालं की

गर्दीपुरतं बरोबर आहे, अगदी सरळ खाली बघणारा कॅमेरा डोकी आणि मोकळी जागा दोन्ही प्रामाणिकपणे दाखवतो. पण ड्रोन उडवणारे असा शॉट टाकत नाहीत, कारण तो बघायला कंटाळवाणा, वरून नुसते ठिपके. ते कॅमेरा तिरपा करतात, लांब जातात, गल्लीच्या लांबीच्या दिशेनं झूम करतात, आणि परत मघाचे तांबे. शिवाय बेळगावात सांबरा विमानतळ एका बाजूला, कॅम्पात मिलिटरी दुसऱ्या बाजूला, आणि मिरवणुकीच्या दिवशी पोलिसांचा बंदोबस्त, त्यामुळे ड्रोन उडवायच्या आधी परवानगीची भानगड असतेच. त्यापेक्षा एखाद्या तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, झूम न करता, रस्ता आडवा दिसेल असा फोटो मिळाला तर तो ठेवून द्या. त्यात दोन्ही बाजूच्या दुकानांच्या पायऱ्या दिसतात, खालची डांबर दिसते, एका दुकानाच्या रुंदीत किती डोकी आहेत ती मोजता येतात, आणि त्या रस्त्यावर तेवढी दुकानं किती हे तर आपल्याला पाठच असतंय.